पडद्याची घडी

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि आम्ही तिघंही दचकलो. सकाळपासून घरात कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. भांडण झालं होतं असं नाही. मतदानाच्या दिवशी आमच्याकडे असंच असतं. खिडक्या उघड्या ठेवायच्या, रेडिओ जरा मोठा करायचा आणि खालून घंटा ऐकू येईपर्यंत आपापल्या पायांकडे बघत बसायचं.

"अगं, उतू जाईल ते," सासूबाई म्हणाल्या.

मी गॅस बंद केला. नवरा दाराजवळ उकिडवा बसून बुटांना पॉलिश करत होता. चकचकीत झालेला बूट पुन्हा चकचकीत करत होता.

"पुरे कर रे. त्यात तोंड बघून दाढी करणारेस का?" सासूबाईंनी विचारलं.

तो हसला नाही. एरवी आईच्या टोमण्याला उत्तर दिल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. मला तेव्हाच कळलं, की धास्ती मला एकटीलाच नाही.

भिंगरी टेबलाखाली बसून मांजर काढत होती. भिंगरी म्हणजे माझी लेक, पाच वर्षांची. जागच्या जागी गरगर फिरते म्हणून आजीने ठेवलेलं नाव. सध्या तिला मांजराशिवाय काही काढता येत नाही, म्हणजे काढायचंच नसतं. घर काढलं तरी त्याला शेपूट, झाड काढलं तरी त्याला मिशा. "हे कोण?" म्हणून विचारलं तर आपल्याकडे अशा किवेने बघते, की विचारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं.

मग घंटा वाजली.

आमच्या गल्लीचा कारभार तळमजल्यावरच्या बाईंकडे आहे. मतदानाच्या दिवशी त्या पितळी घंटा घेऊन दारोदार फिरतात, म्हणून सगळे त्यांना घंटाकाकू म्हणतात. त्यांच्या तोंडावरही म्हणतात, त्यांना आवडतं. दुपारच्या आत गल्लीतलं एकूण एक माणूस मतदानाला नेऊन आणायचं ही त्यांची जबाबदारी. संध्याकाळी मतं मोजायला बसतात त्यांत त्याही असतात. आणि उरलेलं वर्षभर कुणाला बालवर्गात जागा, कुणाला दुरुस्तीचा माणूस, कुणाला गावाबाहेर जायची परवानगी, हे सगळं त्यांच्या एका शब्दावर. माझ्याशी वाकडं त्याची नदीवर लाकडं, अशातली गत. बाई वाईट नाहीत. भिंगरीला ताप आला तेव्हा बर्फ घेऊन त्याच धावत आल्या होत्या. पण ज्याच्या हाती आपली दोरी असते त्याच्या चांगुलपणाचंही ओझं होतं.

आणि या वेळी दोरी फारच ताणलेली होती. माझे वडील, नाना, सीमेपलीकडे राहतात. माझं माहेर तिकडचं. लग्न करून इकडे आले ते आलेच. भिंगरीला नानांनी फोटोतच पाहिलंय. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "नातीला एकदा मांडीवर बसवतो, मग काय कापायचं ते कापा." डॉक्टर फार दिवस थांबायला तयार नव्हते. आमच्या परवानगीला घंटाकाकूंचा एक शब्द हवा होता, की यांची वागणूक चांगली आहे. मी विचारायला गेले तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मतदान होऊन जाऊ दे. मग बघू."

त्या 'बघू'वर मी इतके दिवस झोपत होते आणि उठत होते.

मतदान शाळेच्या हॉलमध्ये असतं. आपण नाव सांगायचं, मग एक कागद मिळतो. त्यावर एकच नाव छापलेलं असतं. ते नाव मान्य असेल तर काहीच करायचं नाही. कागदाची घडी घालायची आणि पेटीत टाकायची. मान्य नसेल तर कोपऱ्यात पडदा लावलेला असतो, त्याच्यामागे पेन्सिल ठेवलेली असते. आत जाऊन नावावर रेघ मारायची. कायद्याने पूर्ण मुभा आहे. कोणी कोणाला अडवत नाही. फक्त पेटी दाराशी असते आणि पडदा हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधली सगळी फरशी मोकळी.

त्या पडद्याकडे कोणी जात नाही. हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे, कारण तो पडदा मी शिवलेला आहे. मी नगरपालिकेच्या शिवणखात्यात काम करते. इस्पितळाच्या चादरी, सफाईवाल्यांचे डगले, आणि निवडणूक आली की पडदे. पहिल्यांदा माप हातात आलं तेव्हा मी मास्तरांना म्हटलं होतं, "मास्तर, चुकलंय बहुतेक. गुडघ्यापर्यंतच येईल हा."

"चुकलेलं नाही. आत माणूस असला तर पाय दिसले पाहिजेत."

"का पण?"

"आत चक्कर येऊन पडला बिडला तर कळायला नको?" मास्तर स्वतःच खुदकन हसले, आणि मग दाराकडे बघून हसायचे थांबले.

दर निवडणुकीनंतर ते पडदे आमच्याकडे धुवायला परत येतात. धुवायचं काय त्यात? खळीचा कडकपणा तसाच, इस्त्रीच्या घडीच्या रेषा तशाच. मास्तर पडदा एकदा झटकतात, जुन्याच रेषांवर घडी घालतात आणि म्हणतात, "या कापडाला मरण नाही."

माझ्या माहेरी असं नव्हतं. तिकडे कागदावर नावांची जत्रा. पुठ्ठ्याच्या आडोशामागे प्रत्येकजण जातो आणि बाहेर येऊन आपण कुणाला मत दिलं ते न विचारताच सांगतो. नाना एकदा आमच्या भागातून उभे राहिले होते. सपशेल आपटले. काकांनी त्यांना मत दिलं नाही असा त्यांना संशय, त्यावरून दोघं भाऊ कितीतरी महिने एकमेकांशी बोलत नव्हते. निवडून आलेला माणूस घरी आला तर नाना त्याला गटारापर्यंत हाताला धरून घेऊन गेले आणि म्हणाले, "हरलो ते बरं झालं. आता तुला पोटभर शिव्या देता येतील." तिकडचं सगळंच काही सोन्याचं नव्हतं. भिंती रंगवून घाण करायचे, भोंग्यांनी कान किटायचे, आणि नानांच्या शिव्या खाऊनही गटार तुंबलेलंच होतं. पण निकालाच्या दिवशी निकाल काय लागणार हे कोणालाच माहीत नसायचं. लहानपणी मला वाटायचं, निकाल म्हणतात तो यालाच.

सासूबाई माझ्या या गोष्टी ऐकतात आणि त्यांची स्वतःची सांगतात. त्यांच्या तरुणपणी कागदही नव्हता. कारखान्याच्या अंगणात सगळ्यांना उभं करायचे आणि हात वर करायला सांगायचे. "एकाचा खांदा आखडला होता," त्या सांगतात, "हात वरच जाईना बिचाऱ्याचा. शेजारच्याने धरून वर केला. दुखून रडायला लागला, तर म्हणाले, बघा, आनंदाश्रू!" हे सांगताना त्या इतक्या हसतात, की डोळे पुसावे लागतात. मग म्हणतात, "त्यामानाने आता सुख आहे. हात तरी दुखत नाही."

तर घंटा वाजली आणि आम्ही निघालो. जिन्यात सगळी बिऱ्हाडं नटूनथटून उतरत होती.

आमच्याकडे एक पद्धत पडून गेली आहे. आया आपला घडी केलेला कागद मुलांच्या हातात देतात आणि मुलं तो पेटीत टाकतात. मग सगळे टाळ्या वाजवतात, मुलाला फुगा मिळतो. सासूबाईंनी कागद टाकला, नवऱ्याने टाकला. मी माझा कागद भिंगरीला दिला. पेटीकडे बोट दाखवलं आणि सही करायला वाकले.

तेवढंच. सही करायला वाकले तेवढंच.

मान वर केली तेव्हा भिंगरी पेटीपाशी नव्हती. ती हॉलच्या मधल्या मोकळ्या फरशीवरून चालली होती. एका हातात कागद, दुसरा हात डोळ्यांवर, बोटांच्या फटीतून वाट बघत. मला काही कळायच्या आत पडदा हलला आणि त्याच्याखाली तिचे लाल बूट तेवढे दिसायला लागले.

हॉलमध्ये टाळ्यांसाठी वर आलेले हात तसेच राहिले. घंटाकाकूंच्या हातातली घंटा किंचित किणकिणली.

"आण तिला," नवरा ओठांतल्या ओठांत म्हणाला.

मी गेले. ती फरशी ओलांडताना माझ्या चपलांचा आवाज मला आजही ऐकू येतो. पडदा उचलला तर खळ तडतडली. इतक्या वर्षांची घडी माझ्याच हाताने मोडली.

आत एक छोटं टेबल, त्यावर दोरीने बांधलेली पेन्सिल. कोणी न वापरलेली, टोकदार. भिंगरीने कागद टेबलावर पसरला होता आणि जीभ बाहेर काढून तिचं काम चाललं होतं. छापलेल्या नावावर गोल तोंड, दोन कान. मी हात धरला तेव्हा ती मिशा काढत होती. नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ, लांबच लांब.

"हे काय केलंस?" मी कुजबुजले.

"मत दिलं," तीही कुजबुजली. "आमच्या बाई म्हणतात, मत देताना कोणी कोणाचं बघायचं नाही. आम्ही डोळे मिटून हात वर करतो. इथे सगळे बघत होते, म्हणून मी आत आले."

तिच्या वर्गात आदल्या आठवड्यात मॉनिटर निवडला होता. ती हरली होती. तिला एकच मत पडलं होतं, आणि ते कोणाचं हे तिनेच मला अभिमानाने सांगितलं होतं.

खोडायला काही नव्हतं. दुसरा कागद मागायचा तर हा दाखवावा लागला असता. मला तिथून ताबडतोब बाहेर पडायला हवं होतं. मी एक श्वास जास्त थांबले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. पडद्याच्या आत मीच घातलेली टीप दिसत होती, बाहेरचं कोणी दिसत नव्हतं. या गावात आल्यापासून अशी जागा मला मिळाली नव्हती. मग मला आठवलं, की पाय दिसतायत.

मी कागदाची बारीक घडी केली, लेकीला कडेवर घेतलं आणि बाहेर येऊन तो पेटीत टाकला. कोणी टाळी वाजवली नाही. भिंगरीने हात पुढे केला, "माझा फुगा?" फुगेवाल्या मुलीने घंटाकाकूंकडे पाहिलं. घंटाकाकू खिडकीबाहेर बघत होत्या.

आम्ही घरी आलो. दार लावून घेतल्यावर नवरा म्हणाला, "काय लिहिलंय कागदावर?"

"मांजर आहे."

"काय?"

"मांजर काढलंय तिने. नावावर."

तो मटकन स्टुलावर बसला. "रेघ नावाला लागली?"

"मिशा लागल्यात."

सासूबाईंच्या तोंडून फुस्सकन हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडात धरला, पण खांदे हलायचे राहिनात. मग हसता हसताच त्यांचा चेहरा उतरला. "सांगून टाक," त्या मला म्हणाल्या. "आताच्या आता खाली जा आणि सांग, पोरीने खेळ केला. पोरीला कोण काय करणार?"

"आणि त्यांनी विचारलं, हिला हे शिकवलं कोणी?" नवरा म्हणाला. "ही म्हणेल, आमच्या बाईंनी. मग त्या बाईंना बोलावतील. बाई म्हणतील, घरी विचारा, हिची आई तिकडची आहे."

हिची आई तिकडची आहे. हे वाक्य त्याने माझ्याबद्दल कधी उच्चारलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच माझा हात धरला. "तसं नाही गं. ते म्हणतील असं म्हणतोय."

"कळलं मला."

मी खाली गेले नाही. सांगितलं तर पोरीचं नाव पुढे, न सांगितलं तर माझं. माझं पुढे झालेलं मला चाललं असतं. पण माझं नाव पुढे गेलं की परवानगी गेली, आणि परवानगी गेली की नाना. त्या दिवशी दुपारी भिंगरीला थोपटून झोपवताना मी तिच्या बोटांवरचं शिसं ओल्या फडक्याने पुसत बसले. झोपेत तिची मूठ मिटत होती, मी उघडत होते.

संध्याकाळी नानांचा फोन आला. या फोनवर आम्ही हवापाणी बोलतो, कारण फोनला कान असतात. पण नानांना ते कधी जमलंच नाही.

"काय मग, झालं का मतदान? कोण पडतंय?"

"नाना, इथे कोणी पडत नाही."

"अरेच्चा! मग उभं कशाला राहतात?" ते खो खो हसले आणि हसता हसता त्यांना धाप लागली. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मी रिसीव्हर घट्ट धरून उभी होते. मग ते हळू आवाजात म्हणाले, "येतेस ना पण?"

"येते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी शिवणखात्यात पडदे परत आले. मास्तरांनी गठ्ठा सोडला आणि एकेक झटकायला घेतला. एकावर येऊन त्यांचा हात थांबला. एका काठाला, हाताच्या उंचीवर, चुरगळल्याची खूण होती. मास्तरांनी अंगठ्याने ती दाबून पाहिली. माझी सुई मशीनमध्ये तुटली.

"शाळेच्या हॉलमधला आहे," ते म्हणाले. मग त्यांनी पाण्याचा हबका मारला, इस्त्री घेतली आणि खूण जाईपर्यंत फिरवत राहिले. "कापड आहे. चुरगळायचंच," ते इस्त्रीलाच सांगत होते. माझ्याकडे त्यांनी दिवसभर बघितलं नाही, आणि मला कळेना की यात माया किती आणि भीती किती.

मी घरी पोचले तेव्हा रेडिओवर निकाल चालू होता. गल्लीगल्लीची नावं वाचत होते. सासूबाई कान देऊन बसल्या होत्या. आमची गल्ली आली आणि त्या उठून उभ्याच राहिल्या. निवेदकाचा आवाज कुठे अडखळला नाही: सर्व मतं बाजूने. एकही विरोधात नाही.

"ऐकलंस?" सासूबाई म्हणाल्या. "सुटलो गं बाई!"

मी ऐकलं होतं. मी होते तिथे जमिनीवरच बसले. आणि बसल्या बसल्या मनात आलं, मग मांजर?

दारावर टकटक झाली. घंटाकाकू. घंटेशिवाय त्या आमच्या दारात पहिल्यांदाच उभ्या होत्या. आत आल्या, बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. हातातला कागद टेबलावर ठेवला. परवानगी होती. माझी आणि भिंगरीची.

"वडिलांना नमस्कार सांग," त्या म्हणाल्या. "आणि फार दिवस राहू नकोस. लोक विचारतात मग."

"काकू, तुमचे उपकार..."

"कसले उपकार? आपल्या गल्लीचं एकगठ्ठा झालं, सगळ्यांचं नाव राहिलं." त्यांनी कपाळावरचा घाम टिपला, तेव्हा मला त्यांच्या पांढऱ्या बाहीचा काठ दिसला. काळा झाला होता, शिसं अंगठ्याने आणि बाहीने घासघासून पुसलं की होतो तसा. मी बघतेय हे त्यांनी बघितलं. बाही दुमडून आत घेतली.

मग खाली वाकून त्यांनी भिंगरीच्या गालाला हात लावला. "मिशा फार लांब काढतेस गं. पुसताना माणसाचा जीव जातो." आवाजात हसू होतं, नजर मात्र दाराकडे होती. जाता जाता माझ्या कानाशी म्हणाल्या, "मलाही मुलगा आहे. पुन्हा तिच्या हातात कागद देऊ नकोस."

दार लागलं. सासूबाईंनी पिशवी काढली आणि लगेच कपडे भरायला घेतले, जणू उशीर केला तर कागदावरची अक्षरं उडून जातील. नवरा कामावरून आला, परवानगी वाचली, पुन्हा वाचली, आणि तोंड धुवायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. मी भिंगरीचे लाल बूट पुसत होते. सीमेवर विचारलं तर काय बोलायचं, काय नाही, हे तिला कसं शिकवावं याची मनात जुळवाजुळव करत होते. पाच वर्षांच्या जिवाला गप्प राहायला शिकवायचं, आणि तेही तिचं काही चुकलं नाही असं सांगून.

ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. रेडिओवर निकाल पुन्हा वाचायला सुरुवात झाली होती.

"आई, कोण जिंकलं?"

"ज्यांचं नाव कागदावर होतं ना, ते."

"सगळ्यांनी त्यांनाच मत दिलं?"

"हो."

"बाबांनी, आजीने?"

"हो."

"तू पण?"

मी बुटाची नाडी ओवत राहिले. तिने माझी हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवला, मी तिचं ऐकत नसले की ती वळवते तसा.

"मग आई, माझं मांजर कुठे गेलं? ते जिंकलं की हरलं?"